बगळीचा श्वास

पाचव्या वळणावर बगळी पुन्हा धापा टाकायला लागली आणि शाल्मलीनं सीट घट्ट धरली.

बगळी म्हणजे पक्षी नव्हे हं! करंजाच्या तेलावर चालणारी, तीस वर्षं जुनी पांढरी गाडी. साल होतं २०६१. उंबरकडा गावातल्या आजारी माणसाला घाटाखाली न्यायला एरवी ड्रोन यायचे. पण धुकं उतरलं की ड्रोन गपगुमान जमिनीवर बसत, आणि मग हाक जायची ती बगळीलाच. अकरा वर्षांपूर्वी अशाच धुक्यात शाल्मलीची आई तिच्यातून दवाखान्यात निघाली होती. पण शाल्मलीबाईंना दम कुठला? तिसऱ्या वळणावर, मागच्या सीटवरच त्या जन्माला आल्या!

"तेल आहे, इंजिन ठणठणीत आहे, मग हिला झालंय काय?" गाडी चालवणारी मावशीआजी पुटपुटली. मावशीआजी म्हणजे आईची मावशी, डॉक्टर यमुना केळुसकर. हयात इंजिनांच्या प्रयोगशाळेत गेलेली. "सकाळच्या गारव्यात बरी चढते. दुपार झाली की दमते, काळा धूर ओकते. सांग बघू का?"

शाल्मलीला सांगता येईना. तिला फक्त उद्याचं दिसत होतं. उद्या चार वाजता पारखी येणार होता. पारखी म्हणजे जुन्या गाड्यांची परीक्षा घेणारा यंत्रमानव. सातही वळणं वीस मिनिटांत चढली नाहीत, तर बगळी थेट भट्टीत वितळायला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मावशीआजीनं तिच्या हातात सायकलचा पंप दिला. "तोंड बोटानं दाबून धर आणि मार दट्ट्या."

वीस-पंचवीस वेळा दट्ट्या मारून शाल्मलीनं पंपाच्या बुडाला हात लावला. "आई गं! तापलाय की!"

"हवा दाबली की तापते. बगळीत टर्बो आहे (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा). तो भरपूर हवा भरतो, पण ती तापलेली असते. आणि तापलेली हवा म्हणजे मधल्या सुट्टीतली पोरं, पसरून बसणारी. एका बाकावर किती मावतील?"

"दोन. फार तर तीन."

"आणि शांत बसली तर पाच. म्हणून मध्ये इंटरकूलर असतो (दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी). हवा थंड झाली की तेवढ्याच जागेत जास्त मावते. हवा जास्त, म्हणजे तेल पुरतं जळतं आणि जोर येतो. हवा कमी पडली तर तेल अर्धवट जळतं..."

"आणि काळा धूर होतो!" शाल्मली ओरडली. "सकाळी हवा मुळातच गार असते, म्हणून बगळी चढते. म्हणजे बिघाड इंटरकूलरमध्ये आहे!"

"शाब्बास! अक्कल माझ्यावर गेलीय."

इंजिन थंडगार होतं. दोघींनी पुढचा बंपर सोडवला, रबरी नळ्यांचे पट्टे सैल केले आणि इंटरकूलर अलगद बाहेर काढला. आडव्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये कागदासारख्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या, अशी ती जाळी होती. वारा या पट्ट्यांमधून जातो आणि नळ्यांतली उष्णता घेऊन जातो. पण वारा जाणार कुठून? सगळ्या फटी गच्च बुजल्या होत्या. शाल्मलीनं नखानं थोडं खरवडलं. हातात आल्या त्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, दोऱ्याचे तुकडे आणि हळदीकुंकवाचा घट्ट लगदा.

तिचा चेहराच उतरला. दर दसऱ्याला बगळीच्या तोंडावर सगळ्यात जाड माळ तीच बांधायची. गळून पडेपर्यंत कुणाला काढू द्यायची नाही. हळदीकुंकू तर ओंजळीनं!

"मावशीआजी, हे मी केलंय," ती रडवेली होऊन म्हणाली. "मी तिचे आभार मानत होते, आणि तिचाच श्वास कोंडला."

मावशीआजीनं इंटरकूलर उलटा धरला. नळीच्या तोंडातून काळं, चिकट तेल ठिबकलं. "टर्बोतून थोडं थोडं वंगणाचं तेल झिरपतं आणि आतून थर धरतं. थरामुळे उष्णता बाहेर पडत नाही. हे साफ करायचं काम माझं होतं. सहा वर्षं आज करू, उद्या करू म्हणतेय. बाहेरचा दोष तुझा, आतला माझा. चल, घाल हातमोजे."

चुलीपासून लांब, अंगणात काम सुरू झालं. एक तोंड बंद करून त्यांनी आत तेल सोडवणारं, चटकन पेट घेणारं द्रावण ओतलं, हलवलं, अर्धा तास ठेवलं आणि डब्यात काढलं. काळंकुट्ट! पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला चहासारखं आलं, पाचव्याला नितळ. मग साबणाचं कोमट पाणी आणि मग नुसतं पाणी. बाहेरून शाल्मलीनं मऊ ब्रशनं पाकळ्या काढल्या. ती जोराची पिचकारी मारायला निघाली तशी मावशीआजी ओरडली, "अगं, पट्ट्या वाकतील!" आधीच वाकलेल्या पट्ट्या शाल्मलीनं जुन्या फणीच्या दातानं एकेक करून सरळ केल्या. बोटं दुखली, पण तिनं हूं की चूं केलं नाही.

शेवटी दोन्ही तोंडं बुचांनी बंद करून त्यांनी इंटरकूलर पाण्याच्या टबात बुडवला आणि पंपानं बेताची हवा भरली. एकही बुडबुडा आला नाही, म्हणजे कुठं भोक नव्हतं.

"आता बसवू या?"

"वाळू दे आधी. आत पाणी राहिलं तर ते इंजिनात जाईल."

ऑक्टोबरचं कडक ऊन मदतीला धावून आलं. आतला शेवटचा थेंब सुकल्याची खात्री झाल्यावरच त्यांनी इंटरकूलर परत बसवला. शेवटचा पट्टा आवळला आणि पारखी दारात हजर.

"नमस्कार. या गाडीकडून मला फारशी अपेक्षा नाही," म्हणत तो पुढच्या सीटवर बसला. वजन चार पोत्यांचं! बगळी करकरली. शाल्मली मागे, आपल्या जन्मस्थानी बसली.

बगळी घाट उतरली आणि पायथ्यापासून घड्याळ सुरू झालं. तिसरं वळण गेलं, चौथं गेलं. पाचव्याला शाल्मलीनं डोळे गच्च मिटले. धाप ऐकू आली नाही. वर पोचल्यावरच तिनं डोळे उघडले.

"एकोणीस मिनिटं, दहा सेकंद. धूर नगण्य," पारखी म्हणाला. "माझा अंदाज चुकला. गाडी उत्तीर्ण."

शाल्मलीनं सीटला मिठी मारली आणि मनसोक्त रडून घेतलं. मावशीआजीनंही चष्मा पुसला.

त्या हिवाळ्यात दाट धुक्याच्या एका सकाळी सरपंचांची सून बगळीतून दवाखान्यात गेली. तिचं बाळही घाईचं होतं, पण बगळीनं त्याला वाटेत जन्मायला वेळच दिला नाही!

"मावशीआजी, मंगळावर हवा विरळ आहे ना?" शाल्मलीनं एकदा विचारलं. "तिथं ती दाबूनच वापरावी लागेल. म्हणजे तापणार. मग तिथंही असली जाळी लागेल."

"लागेल की. आणि साफ करणारीही लागेल. जाशील?"

"जाईन! पण दसऱ्याला परत येईन."

पुढच्या दसऱ्याला तिनं आधी ब्रश घेऊन इंटरकूलरच्या पट्ट्या साफ केल्या. मग टपावर हळदीकुंकवाचं एकच बोट लावलं.

"यंदा माळ नाही का गं?" मावशीआजीनं विचारलं.

"आहे ना. मागच्या दाराला बांधलीय," शाल्मली म्हणाली. "पुढून ती श्वास घेते." आणि तिनं बगळीला वाकून नमस्कार केला.