आतला हात

मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटली की मी ट्राम पकडून दुरलाखला जायचे, आणि परत येताना माझ्या जीन्सवर इतका चिखल असायचा की गर्दीतसुद्धा माझ्या शेजारची सीट रिकामी राहायची. मला ते फार आवडायचं. राणीसारखं पाय पसरून बसता यायचं.

दुरलाख म्हणजे जर्मनीतल्या आमच्या कार्ल्सरूहे शहराचंच एक जुनं टोक. तिथे एका बंद पडलेल्या बेकरीच्या मागच्या अंगणात फ्राऊ श्वे यांचा स्टुडिओ होता. फ्राऊ श्वे चीनमधल्या कुंभारांच्या एका गावातून आलेल्या. साठीच्या, बुटक्या, मनगटं मात्र पैलवानाची. कुणीही यावं आणि मातीत हात घालावा, असा तो कारभार. हेर ओबर्ले नावाचे निवृत्त ट्राम-ड्रायव्हर यायचे आणि वर्षानुवर्षं एकसारखेच मग करायचे. तनयदादा यायचा. तो युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता, आणि प्रोफेसरचा गळा दाबण्यापेक्षा माती मळलेली बरी, असं त्याचं म्हणणं होतं. आणि मी, उर्जा. मागच्या वर्षापर्यंत वर्गात कुणी नाव विचारलं तरी घाम फुटणारी मुलगी.

आता नाही फुटत. पहिला वाडगा चाकावर सरळ उभा राहिला त्या दिवसापासून माझा आवाजच मोठा झालाय. आई म्हणते, जरा जास्तच.

गोची एकच होती. लॅटिनमध्ये मला फ्युन्फ मिळाला, म्हणजे जवळजवळ नापासच.

"लॅटिनचा भोपळा आणि मडक्यात पहिला नंबर," बाबा म्हणाले. "पुण्याहून इथे आपण मडकी घडवायला आलो का?"

"अहो, रांजण करायचाय तिला. मडकं नाही," आई म्हणाली. त्याने जणू सगळाच प्रश्न सुटणार होता.

"केवढा?"

मी कमरेच्या बराच वर हात धरला. बाबा हसले. मग त्यांच्या डोक्यात आयडिया आली, आणि बाबांच्या आयडिया नेहमी अटींच्या रूपात येतात. सप्टेंबरमध्ये शहरातल्या सगळ्या खुल्या स्टुडिओंचं मिळून सिरॅमिक प्रदर्शन भरतं. "तुझा रांजण तिथे धडधाकट उभा राहिला तर स्टुडिओ चालू. तडकला, वाकला, फुटला, तर मंगळवार-शुक्रवार लॅटिनचा क्लास. कबूल?"

"गेनाऊ! अगदी कबूल!" मी म्हणाले आणि हात मिळवला.

रांजण डोक्यात आला कुठून, तर आदल्या सुट्टीत पुण्याला मधूमामाने मला कुंभारवाडा दाखवला होता. तिथले काका बाहेरून लाकडी थापटण्याने मडक्याला ठोकत होते, आणि त्याच जागी आतून डाव्या हाताने एक गुळगुळीत गोटा धरत होते. आतून आधार नसेल तर थापटणं भिंत आत ढकलणार. साधं फिजिक्स आहे, आणि फिजिक्समध्ये मला आइन्स आहे, म्हणजे सगळ्यात वरचा ग्रेड. हे मुद्दाम सांगते. कारण पुढचं वाचून मला वेडी म्हणायला सगळे मोकळे आहेत, पण बावळट नाही म्हणायचं.

फ्राऊ श्वेंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ हात धूत राहिल्या.

"मोठी बरणी एकटीने होत नाही," त्या म्हणाल्या. त्यांचं जर्मन तुटक, पण प्रत्येक शब्द नेमका. "एक बाहेरून. एक आतून."

"मग तुम्ही धरा ना आतून."

त्यांनी आपला रुंद पंजा माझ्यासमोर धरला. "आतला हात लहान लागतो."

"तुमच्या गावी कोण असायचं आत?"

"धाकटी बहीण," त्या म्हणाल्या. नळाखालची बादली भरून वाहायला लागली होती, पण त्यांनी नळ बंद केला नाही. मीच केला.

मग कपाटातून एक गोटा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. कोंबडीच्या अंड्याएवढा, काळसर. एका बाजूला अंगठ्याने झिजून खळगी पडलेली. माझा अंगठा त्या खळगीत मावला नाही.

रांजण वाढायला लागला. मातीच्या जाड वळ्या एकीवर एक, रोज थोड्या. गुडघ्याएवढा झाला, मग कमरेएवढा. पोट सुटलं, मान आवळली. आता माझा हात खांद्यापर्यंत आत घातला तरी तळाला लागत नव्हता. फ्राऊ श्वेंनी तो छोटा गोटा दोरीने आत सोडून ठेवला. "लागेल," एवढंच म्हणाल्या. आणि एक नियम सांगितला. रांजणाच्या अंगाला ओलं फडकं गुंडाळायचं, तोंड मात्र झाकायचं नाही. कधीच नाही.

"काठ वाळेल ना पण!" हेर ओबर्ले कळवळून म्हणाले. मातीकाम करणारं कुणीही तेच म्हणेल.

"तोंड नाही. एकदा झाकलं होतं, आमच्या गावी," फ्राऊ श्वे म्हणाल्या.

तरी जाताना हेर ओबर्लेंनी गुपचूप वर प्लास्टिक टाकलंच. मला काठाची काळजी होती, म्हणून मीही गप्प बसले. पुढच्या वेळी आलो तर प्लास्टिक खोलीच्या दुसऱ्या टोकाला पडलेलं.

"वारा," हेर ओबर्ले म्हणाले. मग आम्ही दोघांनी खिडकीकडे पाहिलं. ती खिडकी कुणी तरी कधीकाळी रंग मारताना चौकटीसकट रंगवून टाकली होती. उघडतच नव्हती.

ते वर्ष फुटबॉल वर्ल्ड कपचं. सगळ्या गाड्यांना झेंडे, बेकरीत काळे-लाल-पिवळे केक. जर्मनी-अर्जेंटिना मॅचच्या दिवशी मी स्टुडिओत शिरले आणि माझा रांजण बघून रडूच यायला लागलं. त्याच्या पोटाला खाली एका बाजूने खळगा पडला होता, परातीएवढा. स्वतःच्या वजनाने बसला असणार. माती अजून जेमतेम मऊ होती. आज ठोकून सरळ केला नाही तर उद्या उशीर झाला असता.

आतून गोटा धरायचं कबूल केलं होतं तनयदादाने. लांब हातांचा आहे तो. मी फोन केला.

"उर्जे, एक-एक झालंय! आता कसा येऊ? पेनल्टीवर जाणार बघ!"

"दादा, माझा रांजण बसला!"

"मग तो तरी निवांत मॅच बघतोय," असं म्हणून त्याने ठेवला. आजतागायत मी त्याला माफ केलेलं नाही.

अंगणात शेजाऱ्यांनी टीव्ही बाहेर आणला होता. फ्राऊ श्वेही तिकडेच. आत मी एकटी. खिडकीतून तिरपं ऊन रांजणावर पडलं होतं आणि ओल्या मातीचा तो थंड वास. विहिरीत डोकावल्यासारखा.

थापटणं घेतलं. खळग्याच्या कडेला अगदी हलकेच मारलं. भिंत आत जाणार हे ठाऊक होतं, फक्त किती जाते ते बघायचं होतं.

गेली नाही.

पुन्हा मारलं. थप्. आणि आतून, बरोबर त्याच जागी, टक्.

मी थापटणं वीतभर सरकवलं. थप्. टक्. खळग्याचा काठ माझ्या डोळ्यांदेखत बाहेर आला. गालात हवा भरावी तसा.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, नाही वाटली. काम इतकं सुरेख चाललं होतं! थप्, टक्. थप्, टक्. मी गोल फिरत होते आणि आतलं माझ्याबरोबर फिरत होतं, एकदाही चुकत नव्हतं. आयुष्यात कुणाबरोबर माझं असं जमलं नव्हतं. पोट गच्च झालं, गोल झालं, थापटण्याखाली आवाज बदलला.

मी थांबले.

आतून आणखी एकदा आलं. टक्.

त्याच क्षणी अंगणात आरोळी उठली, कुणी तरी पेनल्टी अडवली होती, आणि माझ्या हातातून थापटणं पडलं. टॉर्च घेऊन मी आत पाहिलं. तळाशी गोटा पडला होता. आतली भिंत खालपासून वरपर्यंत छोट्या छोट्या गोल ठशांनी भरलेली, माशाच्या खवल्यांसारखी. माझा हात जिथे पोचणं शक्य नव्हतं, तिथेसुद्धा.

फ्राऊ श्वे दारात उभ्या होत्या.

"आधी कोण थांबलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी चहा ठेवला.

तनयदादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "आल्झो, म्हणजे बघ, लवचिकता असते पदार्थांना. दाबलं की परत येतात."

"माती काय रबर आहे?"

त्यावर तो मॅचच्या पेनल्टीबद्दल बोलायला लागला. पीएचडी करत असूनही!

भट्टीत घालण्याआधी गोटा काढायला हवा होता. तिघांनी मिळून रांजण आडवा केला, हळूहळू फिरवला. गोटा आला नाही. टॉर्च मारून पाहिलं. आत काहीच नव्हतं. "राहू दे," फ्राऊ श्वे म्हणाल्या. हेर ओबर्ले म्हणाले, एवढं मोठं भांडं भट्टीत फुटतंच, आणि फ्राऊ श्वेंची सगळी मोठी भांडी इथे आल्यापासून फुटलीच आहेत. त्यांनी पैजच लावली. रांजण धड निघाला तर ते प्रदर्शनात नाचणार.

भट्टी निवल्यावर दार उघडलं, तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. मग माझ्या कानावर हेर ओबर्लेंचा सुस्कारा आला, "ओ वे, अरे देवा. आता नाचावं लागणार."

तडा नाही. केसाएवढासुद्धा नाही! मधासारखा लालसर रंग, आणि टिचकी मारली की घंटेसारखा नाद. मी इतकी ओरडले की बेकरीच्या वर राहणाऱ्या बाईंनी खिडकी उघडली.

प्रदर्शन एका जुन्या कारखान्याच्या हॉलमध्ये होतं. उंच छत, पांढऱ्या भिंती, आणि दारातून आत आलं की समोर माझा रांजण. एवढ्या सगळ्या नाजूक कपांमध्ये तो असा उभा होता, लग्नघरात पाहुण्यांची चौकशी करणाऱ्या आत्याबाईंसारखा. बाबा ऑफिसातून थेट आले. रांजणाभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि मग दिसेल त्याला पकडून "माइने टोख्टर, माझी मुलगी!" असं सांगत सुटले. हेर ओबर्ले कबूल केल्याप्रमाणे नाचले. ते मी विसरायचा प्रयत्न करते आहे.

आईने स्टीलच्या मोठ्या ताटात शंकरपाळे आणले होते, लग्नातलं ताट, पाठीवर 'मालिनी' असं नाव कोरलेलं. ताट रिकामं झालं तसं तिने ते धुऊन पुसून आणलं.

तेवढ्यात माईकवरून माझं नाव आलं. पहिलं बक्षीस. सगळ्या वयोगटांत पहिलं!

मी स्टेजवर गेले. मागच्या वर्षीची मी पायऱ्यांवरच बेशुद्ध पडले असते. आता मी माईक हातात घेतला आणि न अडखळता बोलले. कुंभारवाडा, थापटणं, फ्राऊ श्वे. शेवटी म्हणाले, "मोठी गोष्ट एकटीने होत नाही." टाळ्या, टाळ्या, नुसत्या टाळ्या. बाबा डोळे पुसत होते.

आणि तिथून मला दिसलं. रांजणाच्या तोंडावर ताट पालथं घातलेलं होतं.

आईचं बरोबरच होतं. आपल्याकडे रांजण कुणी उघडा ठेवतं का? पण तिला नियम माहीत नव्हता. मी सांगितलाच नव्हता.

टाळ्या थांबल्या.

एक आवाज थांबला नाही.

टक्.

टक्. टक्.

स्टीलवर.

लोक हसले. त्यांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. काही जणांनी त्याच तालावर पुन्हा टाळ्या धरल्या. ताल मी ओळखला. फक्त तो आता आमचा राहिला नव्हता. घाईचा होता.

फ्राऊ श्वे गर्दीतून गेल्या. एवढ्या वेगाने चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ताट उचललं.

आवाज थांबला.

त्या रांजणावर वाकल्या, हात आत घातला. काही तरी पुटपुटल्या, चिनीत. मग हात हळूच वर आणला आणि तसाच पुढे, हवेत धरून ठेवला. कुणाला पायरीवरून उतरवून घेताना धरतो तसा.

"अगं बाई," ताट परत घेताना आई म्हणाली, "आत्ता पुसलं होतं की मी. ओली माती कुठून लागली याला?" आणि मी पोचायच्या आत तिने ते पदराने लखलखीत पुसून टाकलं.

त्यानंतर सगळं छानच झालं. रांजण त्या हॉलमध्येच कायमचा ठेवायचं ठरलं. बाबा स्टॉपवर फ्राऊ श्वेंना म्हणाले, "मंगळवार-शुक्रवार आता ही तुमची. आणि हो, पुढचा याच्यापेक्षा मोठा!" मी त्यांना इतकी घट्ट मिठी मारली की बक्षिसाचा फुलांचा बुके चेपला. उजेड होता अजून, हवा उबदार होती, आणि मला वाटत होतं, या शहरात आता मला जमणार नाही असं काही उरलेलं नाही. अजूनही वाटतं.

फ्राऊ श्वे आमच्याच ट्राममध्ये चढल्या. त्यांच्याकडे महिन्याचा पास असतो, मला माहीत आहे. तरी स्टॉपवरच्या मशीनमधून त्यांनी एक तिकीट काढलं होतं. आत आल्यावर ते पंच केलं, खिडकीची जागा मोकळी सोडून त्या कडेला बसल्या. गर्दी होती, पण त्या रिकाम्या सीटवर कुणी बसायला गेलं नाही.

उतरताना मी त्यांच्या हातातलं तिकीट पाहिलं. लहान मुलाचं होतं.