स्वच्छ केलेली टेप

खोटं सांगून मला काय मिळणार? माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत घडलंय हे. रविवारी, टळटळीत दुपारी, त्याच्या राहत्या घरात.

मेहुणा जुनी रेकॉर्डिंग साफ करतो. कामात वाघ, पण हट्टी.

त्याची आई शास्त्रीय गायची. तो चार वर्षांचा असताना ती गेली. मागे एकच टेप उरली. अर्ध्या तासाचा एक राग, आणि त्यावर नुसती खरखर.

आता वडिलांचे कान चाललेले. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन महिने. त्याआधी त्यांना आई स्वच्छ ऐकवायची, या एका ध्यासानं पठ्ठ्यानं टेप कॉम्प्युटरवर घेतली.

गाणं सुरू होण्याआधीची चार सेकंदं निवडायची. तिथं फक्त खरखर असते. कॉम्प्युटरला सांगायचं, असलं जे जे सापडेल ते उचल. उचललेला कचरा वेगळ्या फाईलमध्ये पडतो.

आवाज अगदी लख्ख झाला.

वडिलांनी कानाला मशीन लावून ऐकलं. चेहरा पडला त्यांचा.

"सूर तिचे आहेत. ती कुठाय?"

"अहो बाबा, इतकं स्वच्छ कधी ऐकलं होतंत का?"

"काय चाटायचीय ती स्वच्छता? त्या खरखरीत होती ती. परत आण."

मेहुणा चिडला. रागारागात त्यानं कचऱ्याची फाईल लावली.

खरखर...

आणि मग... श्वास.

तान संपली की घेतात तसा. खोल. बाईचा.

म्हणजे निवडलेल्या चार सेकंदांत गाण्याआधीचा तिचा श्वासही गेला होता, आणि कॉम्प्युटरनं तिचे सगळेच श्वास कचरा समजून उचलले होते! हात्तिच्या, एवढी साधी चूक. त्यानं मूळ टेप पुन्हा लावली. तिला तर कुणी हात लावला नव्हता.

खरखर होती. गाणं होतं.

श्वास... एकही नव्हता. अर्धा तास ती बाई दम न घेता गात होती.

त्यानं सगळं बंद केलं. प्लगसुद्धा काढला.

वडिलांनी कानाचं मशीन केव्हाच टेबलावर काढून ठेवलेलं. त्याशिवाय त्यांना दाराची बेलही ऐकू येत नाही. तरी त्यांनी मान वळवली...

"थांबव रे गाणं. दमलीय ती."

मेहुण्यानं हातातला प्लग दाखवला.

"मग ती थांबत का नाही?"

आणि तेव्हा त्यालाही ऐकू आलं... खोलीत कुणीतरी धापा टाकत होतं.

तीन महिने झाले. वडिलांचे कान पूर्ण गेले. तरी रोज दुपारी ते त्या खोलीत जाऊन बसतात. बहिणीनं कितीही बोलावलं तरी मी तिकडे फिरकत नाही. परवा फोनवरच मेहुण्याला म्हटलं, "ती फाईल पुसून टाक की, लेका!"

तो म्हणाला,

"कशी पुसू? आईचा श्वास आहे तो."