रेस उतरत नव्हती

त्याची गाडी आमच्या गॅरेजमध्ये शिरली ती साबणाच्या पाण्याची बादली उडवूनच थांबली. मी दुसऱ्या एका गाडीखाली आडवी होते, बाहेर दिसत होते ते फक्त माझे बूट.

“माफ करा हं, दादा… पाय काढला तरी ही पुढेच जाते!”

मी सरपटत बाहेर आले. तोंड काळं, केसांतून पाणी ठिबकतंय. तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

“दादा नाहीये मी,” मी म्हटलं. “बॉनेट उघडा.”

या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. गॅरेज गेलं, बाबा गेले, तसल्या गाड्याही आता दिसत नाहीत. पण तो रविवार आठवला की अजून हसू येतं, आणि पाठोपाठ लाजही वाटते.

गाडी त्याच्या वडिलांच्या वेळची. नुसती उभी असली तरी इंजिन घोंघावायचं, रेस काही उतरत नव्हती. बाबांनी शिकवलं होतं, आधी कानांनी बघायचं. मी रबरी पाइपचा एक तुकडा कानाला लावला आणि दुसरं टोक इंजिनवरून फिरवत राहिले. कार्बोरेटरखाली बारीक फुसफुस ऐकू आली. तिथली बोटभर नळी चिरली होती, इंजिन तिथून जास्तीची हवा ओढत होतं. मी चीर चिमटीत दाबली आणि इंजिन शहाण्यासारखं हळू झालं.

पाच मिनिटांचं काम! पण तेवढ्यात तो नळावरून सांडलेली बादली पुन्हा भरून घेऊन आला. बाह्या भिजलेल्या, बोटांवर शाई. मोजणी ऑफिसात नकाशे काढायचा तो.

“सापडलं?”

चिमटी आपोआप सुटली. “नाही,” मी म्हणाले… माझं मलाच नवल वाटलं. “केबल अडकत असेल. तेल घालते. पुढच्या रविवारी दाखवा.”

पुढच्या रविवारी मी एक स्क्रू उगाच अर्धा फेरा फिरवला आणि आम्ही दोन तास गप्पा मारल्या.

“मेकॅनिकबाई, हिचं दुखणं लांबणार का?”

“का, घाई आहे तुम्हाला?”

“मला? छे…”

तिसऱ्या रविवारी मात्र तो गाडीतून उतरला आणि दाराला धरून उभाच राहिला.

“काल उतारावर एक आजी रस्ता ओलांडत होत्या. ब्रेक दाबला, तरी ही पुढे रेटतेय… वीतभरावर थांबली.” तो हसायला गेला, पण दार काही सोडलं नाही.

मी हातातला पाना खाली ठेवला.

“नळी चिरलीय,” मी म्हणाले. “पहिल्याच दिवशी सापडली होती मला.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही परत यावं म्हणून. तुम्ही… आवडता मला.”

“आणि त्या आजींना काही झालं असतं तर?”

मी नळी बदलली. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागला. तो गाडी घेऊन निघून गेला.

बाबांनी सगळं ऐकलं होतं. “माझ्या गॅरेजात असं कधी झालं नव्हतं, पोरी,” एवढंच ते म्हणाले. त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या.

एक रविवार गेला, दुसराही गेला. मी फाटकाकडे बघायचं सोडून दिलं. तिसऱ्या रविवारी मान वर केली तर गाडी समोर उभी! कधी आली, ऐकूही आलं नव्हतं.

“आता काय झालंय हिला?” मी विचारलं.

“काही नाही. छान चालतेय.”

“मग?”

“रागावून बघितलं. खूप रागावलो होतो, खरंच. पण रविवार आला की…” तो शाईची बोटं चोळत राहिला. “गाडीला काही झालेलं नसताना आलं, तर चालतं का इथे?”

चालतं म्हणायचं होतं मला. पण मी ऑइलच्या हातांनी डोळे पुसत भोकाड पसरलं, आणि आतून बाबा ओरडले, “अहो, चालतं म्हणतेय ती!”