आधी येणारी गाडी

निवृत्त झाल्यावर दाजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याने, पहिली गोष्ट केली ती म्हणजे ऑफिसने मोडीत काढलेली फोर व्हील ड्राइव्ह जीप घरी आणली. डोंगरातल्या तलावापासून शहरापर्यंत येणाऱ्या पाइपलाइनवर देखरेख करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि त्यातलं निम्मं त्या गाडीत. ताई मला फोनवर म्हणाली, "एक म्हातारं घरात होतंच, आता दुसरं अंगणात आणून बसवलंय. तू येऊन बघ बाबा."

माझं स्वतःचं गॅरेज आहे. गाडी ट्रकवर चढवून मी ती तिथे आणली. शॅसी धडधाकट होती, पण इंजिनाच्या ब्लॉकला उभी चीर गेली होती आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार थाटला होता. "दाजी, हे पेट्रोल इंजिन काही वाचत नाही," मी म्हणालो. "डिझेल बसवू या." दाजी गाडीभोवती फेरी मारून आले, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "बसवा मेव्हणे. हिचं काळीज बदला, पण चेहऱ्याला हात लावू नका."

मोडीत निघालेल्या एका टेम्पोचं डिझेल इंजिन मिळालं. ते मी नट न नट खोलून पाहिलं. रिंगा बदलल्या, बेअरिंग बदलली, नोजल तपासून घेतले. त्या इंजिनात मला काहीही वेगळं दिसलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण त्यात काही वेगळं होतं का, असं पुढे ताईने मला अनेकदा विचारलं. इंजिनाची आणि जुन्या गिअरबॉक्सची भोकं जुळत नव्हती, म्हणून मधे जाड लोखंडी प्लेट बनवून घातली. प्रॉपेलर शाफ्ट कापून लहान केला, मोठा रेडिएटर टाकला, पुढे डिस्क ब्रेक दिले, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पान वाढवलं. त्या प्लेटमुळे असेल, पण तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यात येताना गाडी बारीक शीळ घालायची. मी पुष्कळ खटपट केली, ती गेली नाही. दाजींना आवडायची. "तरणी झाली आहे, शिट्ट्या मारते," म्हणायचे.

ते रोज सकाळी गाडी घेऊन डोंगराकडे जायचे. नोकरी संपली होती, पण पाइपलाइनवर एक नजर टाकल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. दुपारी परत यायचे, चाकांना चिखल, चेहऱ्यावर शाळा सुटल्यासारखा आनंद.

अशाच एका दुपारी मी ताईकडे होतो. तिचं घर वस्तीच्या टोकाला आहे. पुढे खडी टाकलेलं अंगण, त्याला पत्र्याचं फाटक. स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते. आम्ही बोलत असताना बाहेर शीळ वाजली, खडी करकरली, हँडब्रेक ओढला गेला आणि दार दोनदा आपटलं. ते दार पहिल्या फटक्यात कधी लागतच नसे.

"आले," मी म्हणालो.

ताईने गॅसवर चहाचं आधण ठेवलं. "अजून नाही," ती म्हणाली. "चहा उकळेपर्यंत येतील."

मी खिडकीतून पाहिलं. अंगणात गाडी नव्हती. डिझेलचा वास मात्र आला, अगदी आत्ता कोणी इंजिन बंद केल्यासारखा. मी बाहेर जाऊन रस्ता पाहिला. दोन्ही बाजूंना कोणी नाही. परत आलो तोवर चहा उकळला होता, आणि मग खरोखरच शीळ वाजली, खडी करकरली, दार दोनदा आपटलं आणि दाजी घाम पुसत आत आले.

"कधीपासून होतंय हे?" मी विचारलं.

"इंजिन बदलल्यापासून," ताई म्हणाली. "बरं आहे की. गरम चहा मिळतो यांना."

दाजी हसले. ते स्वतः कायम गाडीतच असायचे, तेव्हा त्यांना हा आवाज कधी ऐकूच यायचा नाही. त्यांच्या लेखी ही बायकोने आणि मेव्हण्याने मिळून केलेली थट्टा होती.

मी यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. आवाज आला म्हणजे काहीतरी हललं, घासलं किंवा सैल झालं, एवढंच मला कळतं. तलावाच्या बाजूच्या कड्यावरून प्रतिध्वनी येत असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग एक दिवस मी फाटकात उभा राहिलो. रस्त्यावरून आवाज जवळ येत गेला, माझ्या अंगावरून आत गेला आणि अंगणाच्या मध्यावर थांबला. मी खाली पाहत होतो. खडीतला एकही दगड हलला नव्हता.

हळूहळू आधीचा आवाज आणि खरी गाडी यांच्यातलं अंतर वाढायला लागलं. चहा उकळून निवायचा, ताईची भांडी घासून व्हायची, दोरीवरचे कपडे वाळायचे, तरी दाजींचा पत्ता नसायचा. एकदा आवाज आला तो मागून लोखंडावर लोखंड आपटत. मागच्या पाट्याचं पान तुटलं की नेमका असा आवाज होतो, मी झोपेतही ओळखीन. मी लगेच दाजींना फोन लावला.

"दाजी, आहात तिथे थांबा. मागचे पाटे बघा."

ते उतरले, वाकून पाहिलं, हात लावून पाहिलं. "सगळं ठणठणीत आहे," म्हणाले. "मेव्हणे, तुम्ही आता घरबसल्या गाड्या तपासायला लागलात की काय?"

"तरी हळू या."

ते हळू आले. घराकडच्या शेवटच्या वळणावर, सपाट डांबरी रस्त्यावर, मागचं पान तुटलं. अंगणात गाडी शिरली ती लोखंडावर लोखंड आपटत.

ताई त्या दिवशी हसली नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी दाजी जेवून आतल्या खोलीत झोपले होते. त्यांचं घोरणं आम्हाला ऐकू येत होतं. गाडी अंगणात उभी होती, मला खिडकीतून तिचं स्टिअरिंग दिसत होतं. ताई भांडी पुसत होती. आवाज फाटकापाशी आला.

शीळ नव्हती. इंजिनच नव्हतं. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं इंजिन पुढे घुरघुरत होतं आणि मागे साखळी खडखडत होती. टोचन करून काहीतरी आत आणलं जात होतं. पुढचं एक चाक कोरडं पडल्यासारखं कुरकुरत होतं. चार-पाच माणसांची पावलं बरोबर चालत होती. मग कोणीतरी ओरडलं, "सावकाश! सावकाश!"

तो माझा आवाज होता.

आणि मग एक बाई रडली. मोठ्याने नाही. श्वास मधेच अडकून सुटावा तशी. ताईच्या हातातलं ताट सुटलं नाही, तिने ते नीट ओट्यावर ठेवलं. ती माझ्याकडे पाहत होती. ती रडत नव्हती, आणि बाहेर तिचंच रडणं चालू होतं. आतल्या खोलीत दाजी घोरत होते.

सगळं शांत झाल्यावर ती म्हणाली, "ती गाडी इथून ने. आत्ताच्या आत्ता. त्यांना काहीही सांग."

क्लचचं काम आहे असं सांगून मी गाडी माझ्या गॅरेजात आणली. दुसऱ्या दिवशी चेन पुली लावून इंजिन बाहेर काढलं आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवलं. दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट काढले. बॅटरी काढली. जी गाडी चालूच शकत नाही, तिच्यात कोणाला काय होणार? मला त्या रात्री शांत झोप लागली.

पण दाजी रोज यायला लागले. घरून चालत. अर्धं गाव ओलांडून, उन्हात.

"काय मेव्हणे, एका क्लचला एवढा वेळ?"

"पार्ट मिळत नाही, दाजी."

"इंजिन का काढलंय?"

"काढावं लागतं."

ते रिकाम्या बॉनेटमध्ये डोकावायचे, मग दार उघडून आत बसायचे, स्टिअरिंगवर हात ठेवायचे आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहायचे. डोंगराकडे जाणं बंद झालं होतं. त्यांची मान बारीक झाली, शर्टाची कॉलर सैल दिसायला लागली. ताईने त्यांना कळवळून सांगितलं, त्यांच्या मुलीने, माझ्या भाचीने, समजावलं. मी एकदा म्हणालो, "दाजी, माझी गाडी घ्या, फिरून या." ते म्हणाले, "तुमच्या गाडीला रस्ता माहीत नाही हो."

मला खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण सांगणार काय? आणि सांगून त्यांनी ऐकलं असतं, तर तेच मनात घेऊन ते आणखी खचले असते. इंजिन परत बसवावं, तर तो टोचनचा आवाज कानातून जाईना. न बसवावं, तर माणूस डोळ्यांसमोर वाळत होता. मी रोज सकाळी ताडपत्रीकडे पाहायचो आणि दुसऱ्या गाडीचं काम हातात घ्यायचो.

एका सकाळी मी एका व्हॅनखाली झोपून सायलेन्सर काढत होतो. दाजी आलेले मला दिसले, म्हणजे त्यांचे बूट दिसले. गाडीचं दार आपटलं. एकदाच. पहिल्याच फटक्यात लागलं.

मी हाक मारली. उत्तर आलं नाही.

ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते, नेहमीसारखे. मान थोडी पुढे आली होती. उजवा पाय ब्रेकवर पूर्ण दाबलेला होता आणि तो सोडवताना मला जोर लावावा लागला.

डॉक्टर म्हणाले, हृदय.

दाजींना घरी नेलं. भाची, जी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, तिने माझा हात धरला. "मामा, बाबांची गाडी आणा. जाताना ती अंगणात हवी. एवढं करा."

ताईने मान वर केली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नाही म्हणायला आता कारण उरलं नव्हतं.

गॅरेजमधल्या व्हॅनला साखळी बांधली. शेजारचे चार-पाच जण बरोबर आले. पुढचं एक चाक मी खोललं होतं, ग्रीस न भरताच परत बसवलेलं, ते कुरकुरायला लागलं. मी ठरवलं होतं, काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. दात दातांवर घट्ट धरून मी गाडीबरोबर चालत होतो. फाटकात वळताना गाडी कलली आणि शेजारच्याच्या पायावर जायला लागली.

"सावकाश!" मी ओरडलो. "सावकाश!"

आणि पायरीवर उभ्या ताईचा श्वास अडकून सुटला.

महिन्याभरातच मी ती गाडी कापली. गॅस कटर लावून, स्वतःच्या हाताने, कोणाला न सांगता. शॅसीचे तुकडे केले. इंजिन फोडून भट्टीत पाठवलं आणि ते वितळेपर्यंत तिथे उभा राहिलो. ती लोखंडी प्लेटसुद्धा आत टाकली.

अंगण रिकामं झालं. खडीत चाकांचे दोन चर तेवढे राहिले होते, ते ताईने दाताळ्याने सारखे केले. आम्ही त्या आवाजाबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. बोलण्यासारखं काही संपलं होतं म्हणून नव्हे.

गेल्या रविवारी भाची आली होती. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. खिडकी उघडी होती, बाहेर लख्ख ऊन.

शीळ वाजली.

खडी करकरली. गाडी अंगणाच्या मध्यावर येऊन थांबली. इंजिन सुरेख चालत होतं, मी बसवलं त्या दिवशी चाललं होतं तसं. ते बंद झालं. हँडब्रेक ओढला गेला. भाचीचा घास हातातच राहिला. रिकाम्या अंगणातला हा आवाज तिने याआधी कधी ऐकला नव्हता, पण गाडी कोणाची ते तिला सांगावं लागलं नाही.

कोणीतरी उतरलं. पलीकडे फिरून गेलं आणि दुसरं दार उघडलं.

मग खडीवर चूं चूं असा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. लहान मुलांच्या बुटात शिट्टी असते, तो आवाज. पावलं एकसारखी पडत नव्हती, मधेच अडखळत होती. त्यांच्या शेजारून जड बूट चालत होते, मुद्दाम छोटी छोटी पावलं टाकत.

ते पायरीपर्यंत आले नाहीत. अर्ध्यावर वळले. दारं लागली, गाडी सुरू झाली आणि फाटकातून बाहेर पडून डोंगराच्या बाजूला गेली. आजवर आम्ही ती फक्त येताना ऐकली होती.

भाचीने घास ताटात ठेवला. दुसरा हात तिने पोटावर धरला होता.

"आई, मी आज सांगणारच होते," ती म्हणाली.

ताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली.

"मामा," भाचीने खाली पाहत विचारलं, "मुलं चालायला कधी लागतात?"

उत्तर ताईने दिलं.

"तू फार लवकर चालायला लागली होतीस," ती म्हणाली.