गाडी थंड झाली का?

"अहो, किल्ली फिरवू नका! खबरदार!"

नुसतं ओरडून ती थांबली असती तर ही गोष्ट झालीच नसती. पण ती धावत आली, उघड्या खिडकीतून हात आत घातला आणि त्या माणसाचं मनगट गच्च धरलं. ओळख ना पाळख!

चढाच्या माथ्यावर गाड्या थांबतात त्या मोकळ्या जागेत ती एका गिऱ्हाइकाच्या व्हॅनचे ब्रेक तपासायला आली होती. खाली वस्तीच्या टोकाला तिच्या वडिलांचं, अण्णांचं गॅरेज होतं. आजारपणात अण्णांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून गॅरेज तीच चालवायची. आणि ही लाल स्पोर्ट्स कार दणाणत चढ चढून आली होती, करपलेल्या तेलाचा वास मागे सोडत.

"ही जागा तुमची आहे का?" त्यानं विचारलं. मनगट सोडवून घ्यायची मात्र त्याला काही घाई दिसली नाही.

"जागा नाही, पण अक्कल माझी आहे. हवी तर थोडी घ्या. इंजिनात हवा भरणारा टर्बो तापून लाल झालाय. आत्ता इंजिन बंद केलंत तर तेल आहे तिथंच थांबेल आणि जळेल. जरा वेळ नुसतं चालू ठेवा. दम खाऊ दे तिला."

"आणि तोवर मी काय करू?"

"गप्प बसा."

"तेवढंच मला जमत नाही हो, मिस्त्रीणबाई. तुम्हीही बसा ना... एकट्यानं गप्प बसायची सवय नाही."

आगाऊच होता! पण बसली ती. का बसली, ते तिलाही सांगता आलं नसतं. खिडकीतून गार वारा येत होता, इंजिन हळू आवाजात गुरगुरत होतं आणि त्याच्या पांढऱ्या बाहीवर तिच्या हाताचं काळं ग्रीस उमटलं होतं. तिनं ते पाहिलं, ओशाळली. त्यानं बाही झटकन दुमडली आणि म्हणाला, "राहू द्या. पुरावा आहे."

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन गॅरेजवर हजर. त्याला ही गाडी विकायची होती. घेणाऱ्याची एकच अट होती – पूर्ण चढ चढल्यावरही तेलाच्या तापमानाचा काटा लालवर जाता कामा नये.

"एवढी हौसेची गाडी, आणि विकता?"

"हिच्यात दोन माणसं मावतात, घर मावत नाही," तो म्हणाला. "माझी लेक लांब असते, तिच्या आईजवळ. आम्ही दोघं आता एकत्र नाही. तिकडं नोकरी धरलीय. गाडी गेली की त्यांच्याच गल्लीत घर घेईन. पिल्लूला तिथं तिची खोली हवीय, खिडकीवाली."

म्हणजे सुरुवातीपासूनच तिला सगळं ठाऊक होतं. कुणी फसवलं नाही, कुणी लपवलं नाही. तरी जीव जडायचा तो जडलाच. मन काय कुणाला विचारून गुंततं!

मूळचा ऑइल कूलर, म्हणजे तेल गार करणारी जाळी, फारच लहान होता. नवा त्यानं स्वतःच आणला, जवळजवळ दाराएवढा.

"हा परत न्या," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्यानं तेल तापणारच नाही. तेलाला थोडी ऊब लागते. फार गार राहिलं तरी इंजिन झिजतं."

"माणसांचंही असंच असतं का?"

"माणसांचं गॅरेज पलीकडच्या गल्लीत."

तो असा हसला की खुर्चीत पेंगणारे अण्णा दचकून जागे झाले.

तिनं मापाचा कूलर निवडला, पुढच्या बंपरमागे थेट वाऱ्यात बसवला. मध्ये थर्मोस्टॅट घातला, तेल पुरेसं तापल्यावरच वाट उघडणारा. काम जसं पुढं सरकेल तशी संध्याकाळी चढावर चाचणी व्हायची. माथ्यावर पोचलं की इंजिन चालू ठेवून दोघं बसायची. टर्बोला दम खाऊ द्यायचा, एवढंच निमित्त. त्या निमित्तात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

आणि तिथंच एकदा त्याचा फोन वाजला. त्यानं तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, गाडी थंड झाली का?"

त्यानं लेकीला सांगून ठेवलं होतं, गाडी फार तापते, थंड झाली की येतो.

"अजून नाही गं पिल्लू."

"मग तिला फुंकर मार ना!"

ती खुदकन हसली. पलीकडून लगेच, "बाबा, कोण हसतंय?"

"गाडीची डॉक्टर."

"डॉक्टरताई, लवकर बरी करा ना तिला. मी रोज खिडकीत बसते."

"करते हं," ती फोनकडं वाकून म्हणाली.

शेवटचा पाइप जोडताना पाना तिच्या हातातच थांबला. नट किंचित सैल राहिला तर तेल पाझरेल. विक्री अडेल, गाडी परत येईल, तोही येईल. कुणाला कळणार होतं? ती नुसतीच नट पुसत राहिली.

"पोरी, किती पुसशील?" अण्णा खुर्चीतून म्हणाले. त्यांच्या नजरेतून काय सुटणार! "जा हवं तर त्याच्याबरोबर. माझं मी बघेन."

असं म्हणत ते डाव्या हातानं गळ्याशी सुटलेलं बटण लावायला बघत होते. ते काही लागेना. तिनं हात पुसले, बटण लावलं, आणि येऊन नट आवळला. चांगला घट्ट. मग गाडीखालीच पडून पोटभर रडली.

शेवटच्या चाचणीला झिमझिम पाऊस होता. गाडी एका दमात चढली. काटा मधोमध, जागचा हलला नाही. माथ्यावर त्यानं गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं.

"उद्या घेणारा गाडी न्यायला येतोय," तो म्हणाला. "एकदा म्हण ना, थांब. एकदाच. नाही विकणार गाडी, नाही जाणार. तुझ्यावर जीव आहे माझा, मिस्त्रीणबाई..."

"माझाही आहे," ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिनं लपवलं नाही. "फार आहे. म्हणून तर म्हणत नाही. उद्या थांबशील, आणि परवापासून फोन वाजला की माझ्याकडं बघायचं टाळशील."

"मग तू चल."

"अण्णांना बटण लावता येत नाही रे."

तो काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. त्यानं फोन स्पीकरवर टाकून समोर ठेवला.

"बाबा? गाडी थंड झाली का?"

तो तिच्याकडं बघत राहिला. तिनं दोन्ही तळव्यांनी गाल पुसले.

"झाली गं पिल्लू," ती म्हणाली. "एकदम थंड झाली. बाबा निघतोय."

पलीकडून आनंदाची किंकाळी आली, धावत्या पावलांचा आवाज आला. "आई, आई, गाडी थंड झाली!" आणि फोन बंद झाला.

तिनं किल्लीकडं हात नेला. या वेळी मनगट त्यानं धरलं, गच्च.

"नको ना... जरा वेळ चालू राहू दे. दम खाऊ दे तिला."

"गरज नाही रे आता," ती म्हणाली. "काटा बघ."

त्यानं काट्याकडं बघितलं नाही. तिच्याकडंच बघत राहिला. त्यानं हात सोडेपर्यंत ती थांबली, आणि मग तिनं किल्ली फिरवली.