बटण्याची मऊ टाळू

"अगं मावशी, हा बटण्या नाहीच!"

भिंगरी एवढ्या जोरात ओरडली, की टबातलं इवलंसं कुत्रं दचकून तिच्या कोपरात शिरलं आणि साबणाचा फेस थेट लंबूच्या चष्म्यावर उडाला.

"झालं! हिचं काहीतरी नवीन!" लंबू चष्मा पुसत म्हणाला.

मावशीचं कुत्र्यांना अंघोळी घालायचं दुकान होतं. दोन उंच टब, भोंग्यासारखा ओरडणारा ड्रायर, भिंतीवर टांगलेले कंगवे आणि कितीही झाडलं तरी पायाला चिकटणारे केस! सुट्टी लागली की भिंगरी इथे हजर. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून तर तिचं नाव भिंगरी. मावसभाऊ लंबू आणि त्याची धाकटी बहीण टिकली हे तिचे साथीदार.

बटण्या म्हणजे शेजारच्या शिवणवाल्या आजींचा चिवावा जातीचा कुत्रा. मावशीच्या पर्समध्ये मावेल एवढा, पण रुबाब वाघाचा! आजी लेकीकडे गेल्या होत्या आणि त्याला कुत्र्यांच्या पाळणाघरात ठेवून गेल्या होत्या. आज संध्याकाळी त्या परतणार होत्या. पाळणाघरवाले काका मघाशीच येऊन म्हणाले होते, "चकाचक करून ठेवा, चार वाजता नेतो." आणि घाईघाईत निघूनही गेले होते.

"बटण्या पाण्याला घाबरत नाही, पाण्यावर भुंकतो!" भिंगरी म्हणाली. "हा बघ, नुसता थरथरतोय. आणि केवढा जड आहे!"

मावशी दुसऱ्या टबात एका झिपऱ्या कुत्र्याच्या गुंत्यांशी झटत होती. "परक्या घरी राहिलं की बुजतात गं. खाऊन थोडा सुटला असेल. कान ओले करू नकोस."

"पण टाळू?" भिंगरी हटेना. "तूच सांगितलं होतंस ना, की काही चिवावांची टाळू मोठेपणीही भरून येत नाही? बटण्याच्या डोक्यावर मऊ जागा आहे, तिथे हळूच हात लावायचा. याचं डोकं बघ, टणक!"

टिकलीनं बोट फिरवून पाहिलं. लंबूनंही पाहिलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मावशी, बघ ना!"

"नंतर बघते. कात्री हातात आहे माझ्या!"

हा बटण्या नाही, मग बटण्या कुठे आहे? कुत्र्याला कोरडं करून, टॉवेलात गुंडाळून टोपलीत ठेवलं आणि तिघं पाळणाघराकडे पळत सुटली.

"काकांना विचारायचं?" टिकलीनं धापा टाकत विचारलं.

"विचारल्यावर खरं सांगणार असते, तर खोटा कुत्रा आणला असता का?" भिंगरी म्हणाली. "लंबू, तू त्यांना बोलण्यात गुंतव."

लंबू दारातूनच सुरू झाला. "काका, आमच्या ओळखीच्यांचा कुत्रा आहे, वासराएवढा! तुमच्याकडे राहील का?"

"वासराएवढा?" काकांची छाती फुगली. "अरे, मोठ्या कुत्र्यांसाठीच तर बांधलंय हे सगळं! ये, बस!"

तेवढ्यात दोघी मागच्या अंगणात शिरल्या. उंच लोखंडी कुंपण, जाडजूड गज. मोठा कुत्रा धडक मारूनही बाहेर पडला नसता. टिकलीनं मात्र दोन गजांमधून खांद्यापर्यंत हात घातला.

"भिंगरी! इथून तर आमची मांजरसुद्धा जाईल!"

आणि खालच्या तारेला काहीतरी निळं लोंबत होतं. बटण्याचा स्वेटर! आजींनी उरलेल्या कापडाच्या तुकड्यांचा शिवलेला.

भिंगरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढ्याशा अंगात ऊब टिकत नाही, मावशी नेहमी सांगायची. स्वेटरशिवाय, उपाशी, तो वाघ गेला कुठे?

"रडू नकोस ना," टिकली म्हणाली. "थंडी वाजली की तो काय करतो?"

"पांघरुणात शिरतो. आजींच्या इस्त्रीच्या कपड्यांत..." भिंगरी बोलता बोलता थांबली. कुंपणापलीकडच्या भिंतीतल्या नळीतून वाफ येत होती. "लाँड्री! टिकली, तिकडे लाँड्री आहे!"

लाँड्रीत कानठळ्या बसवणारी यंत्रं फिरत होती. धुलाईवाल्या काकू चादरींच्या घड्या घालत होत्या.

"छोटा कुत्रा? छे बाई! उंदीर मात्र माजलेत. परवा माझ्या डब्यावर हात मारला, कालही मारला. आज मी डबा वर टांगूनच ठेवला!"

म्हणजे आज त्याला काहीच मिळालेलं नाही!

"काकू, तो उंदीर नव्हता! गरम चादरी कुठे ठेवता तुम्ही?"

"त्या तर आत्ताच गाडीत चढवल्या, हॉटेलात जायच्यात..."

बाहेर इंजिन घुरघुरलं. भिंगरी अशी सुटली, की घड्यांचा एक ढीगच कोसळला. तिनं गाडीच्या दारावर दोन्ही हातांनी धडाधड मारलं. "थांबा! थांबा! आत जीव आहे!"

"काय तमाशा आहे हा?" चालक खाली उतरला. "मला उशीर होतोय!"

"एकदाच उघडा ना काका, एकदाच!"

त्यानं कुरकुरत दार उघडलं. भिंगरी आत चढली आणि एकेक पिंप चाचपू लागली. चादरी, चादरी, नुसत्या चादरी. मग कोपऱ्यातल्या पिंपात हाताला काहीतरी निराळं लागलं. तिनं हळूच उचललं. बटण्याच! पण मान लुळी, डोळे अर्धवट मिटलेले. डोक्यावरची ती मऊ जागा तिच्या बोटाखाली मंद उडत होती.

"साखर! काकू, साखर आणि कोमट पाणी द्या!" तिचा आवाज चिरकला. "ही कुत्री उपाशी राहिली की अंगातली साखर उतरते यांची!"

काकूंनी चहाची साखर पाण्यात विरघळवून दिली. "ओत तोंडात!"

"ओतायची नाही, ठसका लागेल." भिंगरीनं बोट बुडवून त्याच्या हिरड्यांवर चोळलं. पुन्हा चोळलं. टिकलीनं त्याच्याभोवती चादर लपेटली. तेवढ्यात लंबूही येऊन पोहोचला. चालकही घड्याळाकडे बघायचं विसरला.

बटण्याची जीभ हलली. एक डोळा उघडला. मग त्यानं चालकाकडे पाहिलं आणि "गुर्रर्र!" केलं.

"अरे, वर मलाच गुरगुरतोय!" चालक हसत सुटला.

लंबूनं काकूंच्या फोनवरून मावशीला कळवलं. मुलांनी बटण्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, मावशीही ओल्या एप्रनसकट तिथे धावत आली. तपासून, औषध टोचून, चार घास भरवून डॉक्टर म्हणाले, "अजून तास-दोन तास गेले असते, तर कठीण होतं. साखर चोळायचं कुणाला सुचलं?" भिंगरी लाजून लंबूच्या मागे लपली.

चार वाजता सगळे दुकानात परतले, तर आजी येऊन बसलेल्या! आणि पाळणाघरवाले काका टॉवेलातलं कुत्रं त्यांच्या हातात देत होते. "घ्या तुमचा बटण्या! कसा बाळसेदार केलाय बघा!"

"हा असा का बघतोय माझ्याकडे?" आजी गोंधळल्या. "ओळखतच नाही मला."

"काका," भिंगरीनं चादर बाजूला केली, "तो जर बटण्या, तर हा कोण?"

खऱ्या बटण्यानं आजींच्या मांडीवर उडी घेतली आणि काकांवर असा भुंकला, की ते दोन पावलं मागे सरकले. मग त्यांना खरं सांगावंच लागलं. गजांतून कुत्रं निसटलं होतं, नाव जाईल म्हणून ते गप्प राहिले आणि गावाला गेलेल्या मेव्हणीचा कुत्रा त्यांनी उचलून आणला होता.

"मला कळवायचं होतंत," आजी हळू आवाजात म्हणाल्या. "मी मिळेल त्या गाडीनं आले असते."

काकांनी मान खाली घातली. "चुकलो. उद्याच बारीक जाळी बसवतो."

"जाळी मी स्वतः येऊन बघणार!" मावशीनं बजावलं. मग तिनं भिंगरीला जवळ घेतलं. "तू ओरडून सांगत होतीस आणि मी गुंते सोडवत बसले. शाब्बास गं पोरी! तुम्ही तिघंही शाब्बास!"

आजींनी तिघांची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. सगळ्यांचा गराडा बटण्याभोवती पडला. भिंगरीनं मात्र इकडेतिकडे पाहिलं. ते दुसरं कुत्रं कुठे गेलं?

ते टेबलाखाली अंग चोरून थरथरत होतं. उचलून आणलेलं, परक्या नावानं हाका मारलेलं, आणि आता कुणालाच नको असलेलं.

भिंगरी टेबलाखाली शिरली. तिनं हात नुसताच जमिनीवर पसरला आणि वाट बघत राहिली. बाहेरून लंबूच्या, टिकलीच्या हाका आल्या, तरी ती हलली नाही. बऱ्याच वेळानं एक ओलसर नाक तिच्या तळव्याला लागलं.

"तुझं खरं नाव काय रे?" तिनं हळूच विचारलं.