औशाच्या दिशेची रेघ

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी इथेच थांबावं. मनिषा माझी सख्खी चुलतबहीण आहे, आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही.

गेल्या वर्षी मृग लागला तरी पावसाचा पत्ता नव्हता. लातूरजवळच्या माळावर ढग हेरणारं रडार आहे. मनिषा आणि तिचा नवरा आनंदराज, दोघंही तिथेच नोकरीला. त्या दुपारी आभाळ कोरडं ठणठणीत. तरी पडद्यावर देवणीच्या दिशेला एक पांढरी रेघ उमटली...

अशी रेघ म्हणजे बाहेरून शिरलेली खरखर. कुणाचं तरी बिघडलेलं यंत्र. रेघ दिशा सांगते, अंतर नाही. जवळ आली की मात्र रुंद होते.

आनंदराज हाती धरायचा अँटेना घेऊन मोटारसायकलवर शोधायला निघाला. मनिषा पडद्यापाशी बसली.

बऱ्याच वेळाने त्याचा फोन आला. खरखर एका पडीक रानातून येत होती. तिथे खांब नाही, तार नाही, माणूस नाही.

पाखरूसुद्धा नाही...

"कायबी न्हाई हितं. निघालो म्या माघारी."

तो निघाला.

रेघही निघाली...

तो जवळ येईल तशी रेघ रुंदावत गेली. तो फाटकातून आत आला आणि सगळा पडदा पांढराफटक झाला.

मोबाइल, अँटेना, गाडी, सगळं तिने लांब ठेवायला लावलं. काही फरक नाही. त्याने तिची चेष्टा केली आणि तो औशाला घरी गेला.

रेघही औशाला गेली.

दुसऱ्या दिवशी आनंदराज कामावर आला. रेघ आली नाही.

ती औशावरच थांबली होती. शाळा भरताना जराशी सरकली... सुटल्यावर परत जागेवर.

घरातून शाळेत जाणारं एकच माणूस. त्यांची लहानगी सुकन्या.

साहेबांनी फिल्टर लावून रेघ पुसली आणि मनिषाची तक्रार मिटवली. पण ती फक्त दिसेनाशी झाली होती. पोर हसत-खेळत होती. आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. रोज ती क्षणभर फिल्टर काढून बघायची.

गेल्या महिन्यात बघितलं, तर औशाकडे रेघच नव्हती.

सगळा पडदा पांढरा...

आनंदराज नांदेडला गेलेला. केंद्रात ती एकटीच होती.

"पयल्यांदा बरंच वाटलं बघ," ती मला फोनवर म्हणाली. "पोरीला तर सोडलं त्या खरखरीनं."

त्या संध्याकाळी ती घरी गेली नाही. आता लातुरात खोली घेऊन एकटी राहते. लेकीशी फोनवरच बोलते.

काल तिने विचारलं, रविवारी तुझ्याकडे हदगावला येऊ का, माणसांत बसून लई दिवस झाले. आपल्याच माणसाला नाही म्हणायची लाज वाटते. पण माझं पोर आत्ता कुठे रांगायला लागलंय.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.